विरजणाचं फडकं

ते फडकं मी धुतलं. नुसतं धुतलं नाही, बाळाच्या लंगोटांबरोबर पातेल्यात खळखळ उकळलं, साबण लावून घासलं आणि गॅलरीच्या दोरीवर वाळत टाकलं. आधी हे सांगून टाकते म्हणजे पुढचं मला नीट सांगता येईल. नाहीतर मी बोलायला लागले की सगळं एकदम तोंडाशी येतं आणि समोरचा म्हणतो, अगं, जरा दम घे.

माझा नवरा दीड वर्ष झालं बल्गेरियात आहे. आमच्या भाईंदरच्या गोडदेवमधल्या बिल्डिंगमध्ये कुणाला सांगितलं की विचारतात, ते दुबईच्या अलीकडे की पलीकडे? मलाही आधी माहीत नव्हतं. मी आठवीपर्यंत शिकले आणि नकाशा मला कधी जमला नाही. पण आता त्या देशातला एक डोंगर मला आमच्या जिन्यासारखा पाठ आहे. रोडोपी म्हणतात त्या डोंगरांना. तिथल्या घरांवर कौलं नसतात, दगडाच्या पातळ पातळ फरश्या टाकलेल्या असतात. मेंढ्यांच्या गळ्यात घंटा असतात, आणि एकेका कळपाच्या घंटा अशा जुळवलेल्या असतात की म्हातारी माणसं घरात बसून सांगतात, हा अमक्याचा कळप आला, हा तमक्याचा. नवरा फोन खिडकीबाहेर धरायचा आणि मी इकडे भेंडी चिरता चिरता त्या घंटा ऐकायची. ऐकताना रडू यायचं. माझ्या काय मेंढ्या होत्या तिथे? तरी यायचं.

तो उत्तनचा, कोळ्याचा मुलगा. सासरे होते तोवर होडी होती. ते गेले, होडी विकली, आणि हा मीरा रोडला एका हॉटेलात किचनला लागला. मी भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॅकिंगला जायची. आमचं लव्ह मॅरेज, म्हणून मी त्याला तू म्हणते, आणि सासूला ते अजून खुपतं. मला पाचवा महिना चालू होता तेव्हा तो गेला. मुलगी झाली ती त्याने फोनवर बघितली. तिला उचलून घेतलं नाही अजून. तिचं वजन त्याला आकड्यात माहीत आहे, हातात माहीत नाही.

आधी तो बर्फावर घसरायला लोक येतात तशा एका हॉटेलात होता. बर्फ वितळलं की ते हॉटेल अर्धं बंद होतं आणि माणसं कमी करतात. याला पण कमी केलं. तेव्हा हॉटेलवाल्याने त्याला वरच्या गावात आपल्या मावशीकडे पाठवलं. ही मावशी म्हणजे एक म्हातारी, ऐंशीच्या आसपासची. तिच्या मेंढ्या आहेत, दोन गायी आहेत, ती दही आणि चीज करते, आणि घरातल्या दोन खोल्या फिरायला येणाऱ्या लोकांना देते. तिकडे आजीला बाबा म्हणतात. सासूला हे सांगितलं तर ती म्हणाली, "बाईला बाबा? मंग बापाला काय आई म्हनतात काय गो?"

पहिल्यांदा त्याने गाव दाखवलं तेव्हा मी बघितलं की घराघराच्या दारावर कागद चिकटवलेत आणि त्यावर माणसांचे फोटो. मी म्हटलं, "तिकडं पण वाढदिवसाचे बॅनर लावतात का रे, आपल्या नाक्यावर लावतात तसे?"

तो म्हणाला, "नाही गं. हे सगळे गेलेले आहेत. गेला की लावतात, मग चाळीस दिवसांनी, मग वर्षाने."

"इतके?"

"जिवंत माणसं कमी आणि कागद जास्त, असं गाव आहे हे."

पोरं सगळी जर्मनीला गेलीत. पूर्वी म्हणे त्या गावात घरटी तंबाखू होती. उजाडायच्या आधी अख्खं घर शेतात, आणि दुपारी बायका पोरी ओट्यावर बसून पानं दोऱ्यात ओवायच्या, आपण गजरे ओवतो तशा. बायका मागावर लांब केसांच्या लोकरी चादरी विणायच्या आणि ओढ्याच्या धारेत लाकडी टाकीत त्या घुसळून काढायच्या, म्हणजे लोकर फुगते. आता तंबाखू कोणी घेत नाही. माग आहे, पण त्याच्या बाजूला उभं राहून लोक फोटो काढतात. दही मात्र अजून चालतं. म्हातारीचं दही खायला लोक गाडी वर चढवून येतात. मध्ये एकदा तिथल्या सरकारने सगळ्यांच्या मेंढ्या एकत्र करून घेतल्या होत्या, तेव्हाही म्हातारीच्या सासूने एका वाटीभर दुधावर घरातलं विरजण जगवलं. तेच विरजण आजपर्यंत चालू आहे. हे सांगताना नवऱ्याचा आवाज असा व्हायचा जसा त्याचा स्वतःच्या होडीबद्दल बोलताना व्हायचा. मला त्याची भीती वाटायची. मला वाटायचं हा गेला, हा आता तिकडचाच झाला.

मग एक दिवस तो म्हणाला, "आजी म्हणते, बायकोला आणि पोरीला आण. तिला बाईमाणूस पाहिजे हाताखाली. कागदाचं तिचा भाचा बघेल."

मी पोरीचं पांघरूण नीट करत राहिले.

"काय झालं? बोल ना."

मी म्हटलं, "बघू." आणि पोरगी रडतेय सांगून फोन ठेवला. पोरगी झोपलेली होती.

मला जायचं नव्हतं असं नाही. त्याच्याजवळ जायला मी जळत होते. त्याचा शर्ट मी न धुता पिशवीत बांधून ठेवला होता, आणि आता त्याला पिशवीचाच वास येतो. पण विमानात मी कधी बसले नाही, आणि बोलणार काय तिथे, कुणाशी, आणि बर्फात पोरीला काय झालं तर डॉक्टरला मी कुठल्या भाषेत सांगू की हिला रात्रीपासून धाप लागते? इथे मी डॉक्टरला मराठीत सांगते तरी माझी जीभ अडखळते. म्हणून मी रोज बघू म्हणायची. आणि तो रोज जरा कमी बोलायचा.

आता फडक्याचं. त्या गावात अशी रीत आहे की विरजण विकत नाहीत. घरात नवीन बाई आली की पहिल्यांदा तिच्या हातात विरजण देतात. तिने एकटीने दूध तापवायचं, विरजण लावायचं, पातेलं लोकरीच्या चादरीत गुंडाळायचं, आणि कुणी मध्ये बोलायचं नाही. लागलं की ती घरची. म्हातारीच्या दोन्ही सुना जर्मनीत, त्यांनी कधी हात लावला नाही. तर म्हातारी नवऱ्याला म्हणाली, तुझ्या बायकोचा हात मला आधी बघू दे. तिने एक सुती फडकं घेतलं, कडेला लाल दोऱ्याची नक्षी असलेलं, ते दह्यात बुडवलं आणि सावलीत वाळवलं. असं वाळवलेलं फडकं पूर्वी त्यांच्याकडची माणसं परगावी जाताना खिशात घालून न्यायची. कोमट दुधात टाकलं की दही लागतं.

हे सगळं नवऱ्याने एका लांबलचक व्हॉइस मेसेजमध्ये सांगितलं होतं. मी तो अर्धाच ऐकला.

कारण त्या दिवशी पोरगी तापाने फणफणली होती. गणपतीच्या आधीचे दिवस, घरोघरी ताप. नवऱ्याच्या आधीच्या हॉटेलातला नालासोपाऱ्याचा एक माणूस सुट्टीवर आला होता, तो दारातच पिशवी देऊन गेला. पिशवीत पोरीला लोकरीचे मोजे, डोंगरातल्या चहाच्या काड्या, आणि कागदात गुंडाळलेलं हे फडकं, पिवळं, पापडासारखं कडक, आंबट वास मारत होतं. इकडे पोरगी ओकत होती. मला वाटलं, कुणाचं तरी तोंड पुसलेलं आहे, प्रवासात खराब झालं, आणि त्यातले जंतू आता माझ्या घरभर. मी पहिल्यांदा पातेलं गॅसवर ठेवलं. धुतल्यावर ते इतकं छान निघालं, पांढरं, मऊ, कडेला लाल नक्षी. त्याला मी दोन नाड्या शिवल्या आणि पोरीला लाळेरं केलं.

चार दिवसांनी ताप उतरला आणि त्याचा फोन. पहिला प्रश्न, "लावलंस?"

"काय?"

"अगं विरजण! फडकं दुधात टाकलंस ना?"

पोरगी माझ्या मांडीवर होती, लाळेरं लावून. मी हाताने तिचा गळा झाकला. फोन व्हिडिओवर नव्हता तरी झाकला. आणि म्हटलं, "हो. लागलं ना. मस्त लागलं."

तो असा ओरडला आनंदाने की फोन कानापासून लांब धरावा लागला. मागे कुणीतरी म्हातारी काहीतरी बोलली आणि हसली. मला तेव्हाच सांगता आलं असतं. नाही सांगितलं.

फोन ठेवला आणि मी ते लाळेरं सोडवून कोमट दुधात बुडवलं, वेड्यासारखं. सकाळी दूध तसंच्या तसं, वर फेसाची एक रेघ. मग मी बाजूच्या गुजराती बेनकडे वाटी घेऊन गेले. ती म्हणाली, "ले जा ना, दही का क्या इतना रोते हो? बस, कटोरी खाली मत लौटाना." तिच्या विरजणाने दही लागलं, लागणारच, तिचं रोज लागतं. मी फोटो काढून पाठवला. तो म्हणाला, आजी म्हणते तीन वेळा लाव, पुढच्याला मागचं विरजण घे, तिसऱ्या वेळेचं खरं. मी तिन्ही वेळा फोटो पाठवले.  आणि रोज तो आणखी खूश. खोली साफ करायला घेतली म्हणाला. मोरीत नवीन नळ बसवला म्हणाला. त्याच्या आवाजात मी परत तो ऐकायला लागले, गाळ्याबाहेर माझी वाट बघत उभा राहायचा तो. हे सगळं खोट्यावर चाललंय हे मला एकटीला माहीत होतं. 

खरं सांगू, एकदोनदा माझ्या मनात असंही आलं की मी ते चुकून धुतलं का? आंबट वास तर ओळखीचा होता. रोज दही लावणारी बाई मी. मग मला विरजणाचा वास कसा कळला नाही? का मला कळायचंच नव्हतं? 

मग तो फोन आला. सकाळचे दहा वाजले होते, त्याच्याकडे नुकतं उजाडलेलं. सासू त्या दिवशी उत्तनहून मासळी घेऊन भाईंदरच्या बाजारात आली होती, ती विकून आमच्याकडे येऊन बसली होती. नवरा म्हणाला, "आजीला तुझं दही बघायचंय. फोटो नको म्हणते, असंच दाखव."

म्हातारी पहिल्यांदा माझ्यासमोर आली. डोक्याला रुमाल, गाल लाल, डोळे बारीक. मी पातेलं पुढे धरलं. तिने हाताने खूण केली, तिरकं कर. केलं. दही हललं नाही. ती खूश झाली, काहीतरी बोलली. आणि तेवढ्यात पोरगी रांगत रांगत आली, माझ्या गुडघ्याला धरून उभी राहिली, आणि फोनमध्ये तोंड घातलं. गळ्यात ते लाळेरं. लाल नक्षी, वर केळ्याचा डाग.

म्हातारी बोलायची थांबली. फोनच्या अगदी जवळ आली. मला फक्त तिचा एक डोळा दिसत होता.

नवरा म्हणाला, "तिच्या गळ्यात ते काय आहे?"

मी पातेलं खाली ठेवलं. मग मी सगळं सांगितलं, एका दमात, ताप, ओकारी, उकळलेलं पाणी, बेनचं विरजण, तीन फोटो.  म्हातारीने त्याला विचारलं, त्याने हळूहळू तिला सांगितलं, आणि मग ती खूप वेळ बोलली. त्यातला एकही शब्द त्याने मला सांगितला नाही. "नंतर करतो," म्हणाला आणि कट.

सासू कोपऱ्यात पाय पसरून बसली होती. म्हणाली, "तुला अक्कल हाय का न्हाय गो? धुतलंस तं धुतलंस. त्याच दिसाला बोलाचं ना."

"मी घाबरले, आई."

"घाबरलीस! ती बाय काय दर्यातून येऊन तुला खानार होती?" मग जरा वेळाने, पोरीचं तोंड त्याच लाळेऱ्याने पुसत, "माजा पोर गोरा झालाय काय गो तिकडं? मना फोनवर बारीक दिसतो."

दोन दिवस फोन नाही. मी केला तर कट. मेसेजला दोन निळ्या रेघा, उत्तर नाही. त्या दोन दिवसांत मी काय काय बघितलं ते मला आठवतं. समोरच्या बिल्डिंगवर एका बाईने लाल गोधडी झटकली, आणि मला वाटलं, असंच त्या गावातल्या बायका चादरी झटकत असतील. दूध आणायला काशीगावच्या बाजूला तबेल्यावर गेले, आणि म्हशीच्या गळ्यातली साखळी वाजली तर पाय थांबले. ज्या गावात मी कधी गेले नाही त्या गावाची मला आठवण यायला लागली. हे कुणाला सांगायचं? माहेरची आठवण येते म्हटलं तर लोक समजून घेतात. मला आठवत होतं ते गाव तर सगळं त्याच्या फोनच्या चौकटीएवढंच होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी व्हिडिओ. आधी म्हातारीच. नवरा मागे, दाढी वाढलेली.

"आजी म्हणते," तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "धुतल्याचा राग नाही. तापातल्या लेकराची आई सगळं धुणारच, तीही धुवायची. राग फोटोंचा आहे."

मी मान खाली घातली.

"म्हणते, आता तिच्यासमोर लाव. जे विरजण असेल ते. आम्ही मध्ये बोलणार नाही."

फोन मी डब्यांना टेकवून उभा केला. दूध तापवलं, खाली उतरवलं.  दूध निवलं का बघायला मी करंगळी घातली, नेहमी घालते तशी, आणि बोट किती वेळ सोसतं ते बघायला मनात आकडे मोजले. वर बघितलं तर फोनमध्ये म्हातारीनेही करंगळी वर धरलेली, ओठ हलत होते, तीही मोजत होती. आम्ही दोघी सारख्याच आकड्यावर थांबलो की नाही देव जाणे. मी विरजण ढवळलं, झाकण ठेवलं, नवऱ्याच्या जुन्या स्वेटरमध्ये पातेलं गुंडाळलं. तेवढ्यात सासू बाजार उरकून आत आली आणि तोंड उघडणार, मी तिला हाताने थांबवलं. आयुष्यात पहिल्यांदा सासूला मी गप्प बसवलं. ती इतकी चकित झाली की खरंच गप्प बसली.

म्हातारी बोलली. नवऱ्याने विचारलं, "हे विरजण कुणाकडून आणलंस म्हणते?"

"बेनकडून. बेनने लग्नात माहेरून आणलं होतं."

त्याने सांगितलं. म्हातारीने ऐकून घेतलं. मग ती थोडंसंच बोलली, शेवटी काहीतरी विचारलं आणि खुर्चीत मागे टेकली. नवरा ते सांगायला वेळ लावत होता. 

"ती म्हणते, हात ठीक आहे. कागद करायला भाच्याला सांगेन. पण तिला यायचंय का? तू सांगू नकोस म्हणते मला. तिला बोलू दे."

दीड वर्षात हा प्रश्न मला असा सरळ कुणी विचारला नव्हता. त्यानेही नाही. आजी आण म्हणते एवढंच त्याने सांगितलं, स्वतः ये म्हणाला नाही, घाबरत असेल तोही. मी फोन डब्यांवरून उचलून हातात घेतला.

"मला यायचंय," मी म्हटलं. "मला खूप भीती वाटते. विमानाची, बर्फाची, सगळ्याची. पोरीला काही झालं तर काय, याची तर रोज वाटते. तरी मला यायचंय. मला तुझ्याशिवाय इथे होत नाही रे आता."

त्याने म्हातारीला काही सांगितलंच नाही. तो उठून बाहेर गेला, आणि फोनमध्ये म्हातारी आणि मी दोघीच राहिलो. तिने माझ्याकडे बघून हाताने शांत बस, शांत बस अशी खूण केली. इकडे मागून सासू म्हणाली, "जा बाय. मी काय इथं एकटी थोडीच हाय, अख्खा उत्तन हाय." आणि पदराने नाक पुसलं.

पासपोर्ट आला. बाकीचे कागद तिकडे कुठल्यातरी ऑफिसात आहेत, होतील म्हणतात, कधी ते कुणी सांगत नाही. बर्फ वितळून मेंढ्यांना कोकरं झाली की, असं म्हातारी म्हणते. इथे मला कोकरं कधी होतात तेही माहीत नाही. वाट बघणं आधीपेक्षा जड झालंय, कारण आधी मी बघू म्हणून ढकलून द्यायची, आता ढकलायला काही नाही.

काल त्याने खोली दाखवली. भिंती पांढऱ्या, लाकडाची जमीन, एक खिडकी आणि बाहेर धुकं. पोरीसाठी त्याने पाळण्यासारखी लाकडी खाट केली आहे. त्याने फोन कपाटावर ठेवला आणि खाट खिडकीपाशी ओढली.

"इथे? उजेड येईल तिला."

"तिथे नको, वारा येईल. भिंतीकडे घे."

त्याने भिंतीकडे घेतली. "आता?"

"अजून थोडी इकडे. माझ्या बाजूला. मला रात्री हात पोचला पाहिजे."

"तुझी बाजू कुठली?"

मी बोट दाखवलं. त्याने खाट ओढली, जमिनीवर लाकूड घासल्याचा आवाज इथे गोडदेवला आला, आणि पोरीने मान वळवून आमच्या दाराकडे बघितलं.